पुण्यात मिळणारे इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि मक्याचे भाव यांचा काही संबंध आहे का?

संबंध थेट आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल तयार करण्यावर निर्बंध घातले आणि पुढच्याच महिन्यात मक्यापासूनच्या इथेनॉलचा दर लिटरमागे ७१.८६ रुपयांवर नेला, त्यामुळे डिस्टिलऱ्यांची (इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्यांची) मागणी मक्याकडे वळली. एक टन मक्यापासून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघते. एरवी मका निर्यात करणाऱ्या भारताला २०२४ मध्ये तो आयात करावा लागला. ऊस, तांदूळ आणि मका एकमेकांची उणीव भरून काढत असल्याने पुण्यातील पंपांवर टंचाई जाणवत नाही. मक्याच्या भाववाढीची झळ बसते ती कुक्कुटपालनाला, कारण कोंबडीखाद्यात मक्याचा वाटा सर्वांत मोठा असतो (अंडी महागली म्हणून कुरकुरणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसते). मात्र पीक मुबलक आले की बाजारभाव हमीभावाखालीही घसरतो, म्हणून भावातील प्रत्येक चढउताराचा दोष इथेनॉलला देणे मला पटत नाही.