फिर्यादी तारखांना यायचाच बंद झाला तर केस आपोआप सुटते का?

आपोआप काही सुटत नाही. पण सुटू शकते, आणि कशी सुटते ते आमच्या घरानं भोगलंय, म्हणून लिहायला बसलो. तुमच्या प्रश्नाच्या सुरावरून तुम्ही आरोपीच्या बाजूचे दिसता. असू द्या.

पोलिसांनी गुन्हा नोंदवून दोषारोपपत्र दिलेलं असेल तर फार आनंदू नका. खटला सरकारचा असतो, फिर्यादी तिथे नुसता साक्षीदार. तो आला नाही तर समन्स निघेल, मग वॉरंट, तोवर बाकीचे साक्षीदार तपासतील. पुरावा उभा राहिला नाही तर सुटाल, पण निकाल लागून. पारावरची माणसं ‘त्यानं केस मागे घेतली’ म्हणतात, तसं परस्पर काही मागे घेता येत नाही.

खासगी फिर्याद असेल, म्हणजे आपल्याकडे बहुतेक चेक बाऊन्सची, तर मात्र मामला वेगळा.

माझे मोठे काका, आम्ही त्यांना नाना म्हणतो, चोपडा पट्ट्यातले केळीवाले. केळीच्या कांदेबाग हंगामाचा माल एका व्यापाऱ्याला दिला, हातात चेक आला आणि तो बँकेतून परत आला. नोटीस, चेक न वटल्याबद्दलची कलम 138 ची फिर्याद, सगळं रीतसर केलं. सुरुवातीला नाना कडक इस्त्रीचा सदरा घालून प्रत्येक तारखेला जायचे आणि पुकारा होईस्तोवर व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे. समोरून आरोपीचा वकील हजेरी माफीचा अर्ज द्यायचा, तो मंजूर व्हायचा, की पुढची तारीख. ज्यानं पैसे बुडवले तो घरी आणि ज्याचे बुडाले तो बाकावर! पुढे नानांचे गुडघे गेले. चुलतभाऊ म्हणाला, “वकील शे ना आपला, तू काबर जास?” नाना जायचे थांबले.

नंतर रोजनाम्याची, म्हणजे कोर्टातल्या तारीखवार नोंदींची, नक्कल मीच काढली. तारखेमागून तारीख एकच ओळ: फिर्यादी व त्यांचे वकील पुकारूनही गैरहजर. शेवटच्या नोंदीत जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 256 खाली आरोपीची मुक्तता. वकीलसाहेब त्या दिवशी जळगावला दुसऱ्या कामात होते म्हणे. कागदावर एक साधा अर्जसुद्धा नाही.

भाऊ आजही म्हणतो, कोर्टच तसलं. पण त्याच कलम 256 मध्ये लिहिलंय की फिर्यादीचा वकील हजर असेल, किंवा त्या दिवशी फिर्यादीची गरज नसेल, तर मॅजिस्ट्रेट त्याची हजेरी माफ करून काम पुढे चालवू शकतात. असोसिएटेड सिमेंट विरुद्ध केशवानंद या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलंय की फिर्यादी दिसला नाही म्हणून सरसकट आरोपी सोडायचा नसतो. पण माफी मागायला कुणीतरी उभं तर राहायला हवं! मी तेव्हाच म्हटलं होतं, नाना, माझ्या नावानं मुखत्यारपत्र करा, मी जातो तारखांना. चेकच्या केसमध्ये ते चालतं, आणि व्यवहार माहीत असलेल्या मुखत्याराला साक्षही देता येते. माल भरला तेव्हा काट्यापाशी मीच उभा होतो. पण भावाला वाटलं माझा डोळा शेतावर आहे. अरे, एका केसपुरतं मुखत्यारपत्र म्हणजे सातबारा नव्हे!

पुढे नानांना वाटलं, त्याच साहेबांपुढे अर्ज दिला की केस पुन्हा उभी राहील. नाही राहत. मॅजिस्ट्रेटला स्वतःचा असा आदेश फिरवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1986 मध्येच सांगून ठेवलंय. ही मुक्तता निर्दोष सुटल्यासारखीच धरतात, म्हणून त्याच चेकवर नवी फिर्यादही चालत नाही. उरलं काय, तर 60 दिवसांच्या आत उच्च न्यायालयाची विशेष परवानगी मागून अपील, म्हणजे खानदेशवाल्यांना औरंगाबाद खंडपीठ. नाना म्हणाले, राहू दे. भावानं त्यावरही मान डोलावली.

आता नियम थोडा बदललाय. 1 जुलै 2024 पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 279 मध्ये फिर्यादीला हजर व्हायला 30 दिवसांची मुदत दिल्याशिवाय आरोपीला असं सोडता येत नाही. शिवाय 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चेकच्या केसमधल्या फिर्यादीला ‘पीडित’ मानलं, त्यामुळे त्याला विशेष परवानगीशिवाय अपील करता येतं. म्हणजे तुमचा फिर्यादी आज गप्प असला तरी तो संपला असं धरू नका.

आणि तो येत नाही म्हणून तुम्हीही घरी बसू नका. आरोपी माफीच्या अर्जाशिवाय गैरहजर राहिला तर वॉरंट निघतं, तेव्हा फिर्यादी कुठे आहे हे कुणी विचारत नाही.

हे सगळं समन्स खटल्याचं झालं, म्हणजे दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याचं; चेकची केस त्यातच येते. खासगी फिर्यादीवरचा वॉरंट खटला, म्हणजे त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याचा, असेल, गुन्हा अदखलपात्र किंवा तडजोडीचा असेल आणि दोषारोप ठेवायचा बाकी असेल, तर मॅजिस्ट्रेट तुम्हाला फक्त ‘डिस्चार्ज’ करू शकतात, नव्या कायद्यात तेही 30 दिवस दिल्यावरच. ती निर्दोष मुक्तता नव्हे, त्यामुळे नवी फिर्याद येऊ शकते. मी वकील नाही. तुमचा रोजनामा ई-कोर्ट्सवर बघा आणि कलम कुठलं ते पाहून तुमच्याच वकिलाला विचारा.