एक स्तन दुसऱ्यापेक्षा बराच मोठा आहे. ब्रा नेमकी कोणत्या मापाची घ्यावी?

मोठ्या बाजूच्या मापाची. लहान बाजूला बसणारी घेतली की मोठ्या बाजूला कपाच्या काठावरून स्तन बाहेर येतो, तार काखेत टोचते आणि दिवसभर ब्रा ओढत बसावं लागतं. लहान बाजूची पोकळी भरता येते: आत पॅडसाठी खिसा असलेली ब्रा घ्या, लहान बाजूचं पॅड ठेवा, मोठ्या बाजूचं काढून टाका. एका कपाचा फरक बहुधा एवढ्यानेच झाकला जातो. साचेबद्ध, कडक फोमचे कप टाळा. लहान बाजूला त्यांना खळगा पडतो आणि तो कुर्त्यातूनही दिसतो. वरचा भाग ताणल्या जाणाऱ्या लेसचा असेल तर उत्तम.

आधार मुख्यतः खांद्यांवरच्या पट्ट्यांनी नाही, छातीभोवतीच्या पट्टीने मिळतो. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर घट्ट बसली पाहिजे, पट्टीखाली दोन बोटं जेमतेम जावीत. सैल पडली की आतले हुक लावता येतात. पट्टी पाठीवर वर चढत असेल तर ती मोठी आहे: ३६बी ऐवजी ३४सी घालून पाहा (आकडा पट्टीचा, अक्षर कपाचं), अक्षर बदललं तरी कपातली जागा तेवढीच राहते. (दुकानात हे सहसा कुणी सांगत नाही.) घातल्यावर पुढे वाकून प्रत्येक स्तन काखेकडून हाताने कपात घ्या, मग दोन्ही खांद्यांच्या पट्ट्या वेगवेगळ्या लांबीच्या ठेवा.

थोडाफार फरक बहुतेकींना असतोच. मात्र तो अचानक वाढला, गाठ लागली, त्वचेला खळी पडली किंवा बोंडातून स्राव आला, तर डॉक्टरांना दाखवा.