ह्यूगोवरच्या ब्लॉगसाठी डिस्कसऐवजी कुठली कॉमेंट यंत्रणा घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्लॉग ह्यूगो या साइट बांधणाऱ्या साधनावर, म्हणजे स्टॅटिक: पानं आधीच तयार करून ठेवलेली, मागे डेटाबेस नाही. लिहिता पुस्तकांबद्दल. सध्या कॉमेंटसाठी डिस्कस या सेवेची फुकट योजना आहे, तिच्या जाहिरातींना कंटाळलात. जुन्या प्रतिक्रिया गमवायच्या नाहीत, खर्च फार नको, आणि देवनागरीत चाललं पाहिजे.

आधी उत्तर देऊन टाकतो. तुमच्या जागी मी इस्सो लावेन, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची छोटी कॉमेंट यंत्रणा. गिटहबवर चालणारं गिस्कस लावणार नाही, जरी ह्यूगो वापरणारे बहुतेक जण तुम्हाला तेच सुचवणार असले तरी.

गिस्कस वाईट नाही, उलट फार नीटस काम आहे. गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या साइटवर, तुमची एक सार्वजनिक रेपॉझिटरी (फाइलींची साठवण) असते, तिच्यात डिस्कशन्स हा चर्चेचा विभाग चालू करायचा, गिस्कसचं अ‍ॅप बसवायचं आणि पानात एक स्क्रिप्ट टाकायची. लेखावर पहिली कॉमेंट आली की त्या लेखाची चर्चा आपोआप तयार होते. सर्व्हर नाही, डेटाबेस नाही, जाहिरात नाही, पैसे नाहीत. याच्या आधीचं अटरन्सेस हेच काम गिटहबच्या इश्यूजवर (अडचणींच्या नोंदींवर) करायचं. पण दोन्हीत कॉमेंट करायला गिटहबचं खातं लागतं. प्रोग्रामिंगवरच्या ब्लॉगला ही अट अडचणीची नाहीच, फालतू गर्दी बाहेर ठेवणारी चाळणीच आहे. कादंबरीबद्दल दोन ओळी लिहू पाहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला मात्र 'साइन इन विथ गिटहब' हे बटण दिसलं की ती मोबाइल बाजूला ठेवून देणार. तुमच्या वाचकाला हवंय नाव टाकायला एक रकाना, लिहायला एक चौकोन आणि 'पाठवा'. ईमेल दिला तर दिला. लॉगिन आलं की माणूस गेला, हे पुस्तकांच्या ब्लॉगबाबत तरी मी ठामपणे म्हणेन.

डिस्कसबद्दल तुमची तक्रार जाहिरातींची आहे, माझी तिच्या पलीकडची आहे. २००७ साली सुरू झालेली ही सेवा २०१७ मध्ये झीटा ग्लोबल या मार्केटिंगच्या डेटावर चालणाऱ्या कंपनीने विकत घेतली. त्याच वर्षी उघड झालं की २०१२ मध्ये डिस्कसच्या सुमारे १ कोटी ७५ लाख वापरकर्त्यांची माहिती चोरीला गेली होती. २०२१ मध्ये नॉर्वेच्या डेटा संरक्षण यंत्रणेने वाचकांचा माग काढून ती माहिती पुढे दिल्याबद्दल अडीच कोटी क्रोनरच्या दंडाची पूर्वसूचना दिली. तुम्ही लिहिता पुस्तकांवर, आणि पानाच्या तळाशी बसलेली स्क्रिप्ट वाचकाची पावलं मोजते. वाचकाने तर कॉमेंटही केलेली नसते, नुसता लेख उघडलेला असतो.

फुकटच्या सेवेचा दुसरा धोका म्हणजे ती एक दिवस बंद होते. ब्लॉगरवर ज्यांनी गूगल प्लसच्या कॉमेंट चालू केल्या होत्या, त्यांच्या त्या साऱ्या कॉमेंट २०१९ मध्ये गूगल प्लसबरोबरच गेल्या. लेख राहिले, खालची भांडणं आणि दुरुस्त्या गेल्या.

आता जिथे खरी मेख आहे तिकडे येतो, कारण यंत्रणांची तुलना करणारे लेख याबद्दल सहसा बोलत नाहीत. कॉमेंट लेखाला कशाने बांधलेली आहे? तुम्हाला वाटतं ती लेखाखाली आहे. प्रत्यक्षात ती दुसरीकडे कुठेतरी पडलेली असते आणि एका खुणेवरून लेखाशी जुळवली जाते. बहुतेक ठिकाणी ही खूण म्हणजे पानाचा पत्ता. पत्ता बदलला की कॉमेंट पोरकी होते. डिस्कसमध्ये एकाच लेखाच्या दोन चर्चा झालेल्या तुम्ही पाहिल्या असतील: एक एचटीटीपीच्या पत्त्यावर, एक एचटीटीपीएसच्या. हा त्यातलाच प्रकार.

देवनागरी पत्ते असतील तर गुंता वाढतो. 'क' हे एक अक्षर यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, आणि पत्त्यात जाताना प्रत्येक बाइटचं टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन खुणा असं रूप होतं. म्हणजे एका 'क'ची नऊ चिन्हं. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्याला डेटाबेसात २०० चिन्हांची जागा आहे, त्यामुळे तिथे देवनागरी पत्ता बाविसाव्या अक्षराच्या आसपास तुटतो, आणि काना-मात्राही अक्षरांतच मोजल्या जातात. ह्यूगोत ही मर्यादा नाही, पण जुळणीचा घोळ आहेच. एका ठिकाणी पत्ता देवनागरीत साठवलेला, दुसरीकडे टक्क्यांच्या रूपात. माणसाला एकच, यंत्राला दोन वेगळे.

त्याहून छुपी गोष्ट म्हणजे 'दुसऱ्या'मधला तो अर्धा र. काही कीबोर्ड तो 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलंत देऊन लिहितात. काही साध्या 'र'ला हलंत देऊन त्याच्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही 'दुसऱ्या' अगदी सारखे दिसतात, आतले बाइट वेगळे असतात. समजा लेखाचा पत्ता 'दुसऱ्या-आवृत्तीचा-प्रश्न' आहे. तुम्ही संगणकावर एका पद्धतीने लिहिला, पुढे फाइल दुरुस्त करताना मोबाइलवरून दुसऱ्या पद्धतीने टाइप केला, की त्या लेखाखालच्या सगळ्या कॉमेंट गायब. डेटाबेसात त्या सुखरूप आहेत, नुसत्या सापडत नाहीत. आणि तुम्ही कितीही वेळ दोन पत्ते शेजारी ठेवून बघत बसलात तरी फरक दिसणार नाही.

उपाय सोपा आहे आणि यंत्रणा कुठलीही घेतलीत तरी करा. प्रत्येक लेखाच्या फ्रंट मॅटरमध्ये (फाइलच्या सुरुवातीला तारीख-शीर्षक असतं तिथे) एक कायमची खूण लिहा. नुसता आकडा चालेल, तारीख चालेल, पण त्यात देवनागरी नको आणि शीर्षकाचा भाग नको. ती एकदा लिहिली की पुन्हा हात लावायचा नाही. इस्सोला पानात ही खूण वेगळी देता येते, डिस्कसलाही येते. फक्त इस्सोची एक खोड लक्षात ठेवा: नव्या लेखावर पहिली कॉमेंट आली की तो स्वतः त्या पत्त्यावर जाऊन शीर्षक वाचून येतो. तुम्ही पत्त्याऐवजी आकडा दिलात तर त्याला जायला जागाच नाही, म्हणून शीर्षकही तिथल्या तिथे द्यावं लागतं. गिस्कसवाल्यांसाठीही एक गोष्ट सांगून ठेवतो. गिटहबचा शोध अंदाजपंचे जुळणी करतो, त्यामुळे 'वाचनयादी भाग १' आणि 'वाचनयादी भाग २' यांची गल्लत होऊ शकते. काटेकोर जुळणीचा पर्याय सेटिंगमध्ये आहे, तो चालू करा.

इस्सोच का, तर तो लहान आहे. पायथनमध्ये लिहिलेला, सगळा माल एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये. बॅकअप म्हणजे ती फाइल उचलून दुसरीकडे ठेवणे. आत दोन मुख्य तक्ते आहेत, एक लेखांचा आणि एक कॉमेंटचा, आणि उद्या इस्सो बंद पडलं तरी ती फाइल उघडून तुमच्या कॉमेंट तुम्हाला वाचता येतील. निनावी कॉमेंट चालते, लिहिणाऱ्याला पंधरा मिनिटांपर्यंत स्वतःची चूक दुरुस्त करता येते, आणि डिस्कसची एक्सपोर्ट फाइल थेट आत घेता येते. दिसायला साधा आहे. मला ते आवडतं, तुम्हाला नाही आवडलं तर सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारे नियम, तुमच्या हातात आहे.

पण सर्व्हर लागतो, यातून सुटका नाही. छोट्यात छोटा भाड्याचा सर्व्हर पुरतो. अपडेट, एचटीटीपीएसच्या प्रमाणपत्राचं नूतनीकरण, रात्री बंद पडला तर सकाळी चालू करणं, हे तुमच्या अंगावर येतं. स्टॅटिक साइट ज्यांनी याच कटकटीपासून पळायला घेतली त्यांना हे रुचत नाही, आणि त्यांचं चूक नाही. तशा माणसाने सरळ पैसे देऊन चालणारी सेवा घ्यावी, फक्त घेण्याआधी एक्सपोर्ट मिळतो का आणि कुठल्या स्वरूपात, एवढं तपासावं. रिमार्क४२ हाही चांगला पर्याय आहे. गो भाषेतला, डेटाची फाइल एकच, बॅकअप आपोआप घेतो, गूगल किंवा टेलिग्रामने लॉगिन करता येतं. निनावी लिहिण्याची सोय मुळात बंद असते, ती चालू करावी लागते. अनेक लोक लिहितात, वाद रंगतात अशा ब्लॉगला मी इस्सोऐवजी हा सुचवला असता.

बाकीचे भराभर. स्टॅटिकमॅन कॉमेंटची फाइल करून थेट तुमच्या रेपॉझिटरीत टाकतो. कल्पना सुरेख, पण प्रत्येक कॉमेंटला साइट नव्याने बांधावी लागते. वेबमेन्शन हे २०१७ पासून डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत मानक आहे, पण ते एका ब्लॉगने दुसऱ्याला दिलेल्या उत्तरासाठी, आणि तुमच्या वाचकांकडे ब्लॉग नाहीत. मास्टोडॉन या समाजमाध्यमावरची चर्चा लेखाखाली आणता येते, तिथे तुमचे वाचक असतील तरच. आणि काहीच न लावता 'मला लिहा' म्हणून ईमेल द्यायचा, आलेल्यातली चांगली पत्रं परवानगी घेऊन लेखाखाली छापायची, हा मार्ग लोक उगाच कमी लेखतात. पुस्तकांच्या ब्लॉगला तो शोभतोही.

स्पॅमबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण निनावी कॉमेंट उघडली की तो पहिल्याच आठवड्यात विचारायला येईल. गूगलने २००५ मध्ये नोफॉलो, म्हणजे 'शोधात या दुव्याला वजन देऊ नका' अशी खूण, आणलं तेव्हा वाटलं होतं की कॉमेंटमधल्या दुव्यांना किंमत उरली नाही म्हणजे स्पॅम थांबेल. थांबला नाही, कारण स्पॅम टाकणाऱ्या यंत्राला ते बघायला वेळ नसतो. साधी तटबंदी अशी: फॉर्ममध्ये माणसाला न दिसणारा एक रकाना ठेवायचा, यंत्र तो भरतं आणि सापडतं. एका आयपीवरून मिनिटाला किती कॉमेंट यावर मर्यादा इस्सोत आहेच. आणि मॉडरेशन, म्हणजे छापण्याआधी कॉमेंट तपासणं, चालूच ठेवायचं.

तिथे एक डाव ओळखायला शिका. 'खूप उपयुक्त माहिती, असेच लिहीत राहा' अशी कॉमेंट येते. दुवा नाही, शिवी नाही. लेख होता एका आत्मचरित्रावर, त्यात 'उपयुक्त माहिती' कसली? तरी कौतुक आहे म्हणून आपण मंजूर करतो. अनेक यंत्रणांत, वर्डप्रेसमध्ये तर मुळातच, एकदा मंजूर झालेल्या माणसाची पुढची कॉमेंट न विचारता छापली जाते. मग तोच गृहस्थ रात्री तीन वाजता कर्जाचे आणि जुगाराचे दुवे टाकून जातो. म्हणून माझा नियम असा, की कॉमेंटमध्ये लेखातली एकही गोष्ट नसेल तर ती कितीही गोड असो, काढून टाकायची. खरा वाचक निदान पात्राचं नाव तरी चुकीचं लिहितो.

काही जण जुन्या लेखांवरच्या कॉमेंट ठरावीक दिवसांनी बंद करतात, कारण स्पॅम तिथेच जास्त येतो. पुस्तकांच्या ब्लॉगवर हे करू नका. एखादं जुनं पुस्तक कुणाच्या तरी हाती वर्षांनी पडतं, तो शोधत तुमच्या लेखावर येतो, आणि सगळ्यात चांगली कॉमेंट त्याचीच असते.

उत्तर आल्याचा मेल वाचकाला जातो का, हे जरूर तपासा. इस्सोत ती सोय चालू करावी लागते, आणि मेल पाठवायला स्वतःच्या सर्व्हरवर विसंबू नका. मेल खरंच तुमच्याकडून आला हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम या नोंदी नीट नसतील तर तुमचा मेल वाचकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडतो. एखाद्या मेल सेवेमार्फत पाठवा. आणि स्क्रिप्ट पान उघडताच नको, वाचक खाली पोचल्यावर लोड होऊ द्या.

स्थलांतराचा क्रम. आज, हे वाचून झाल्यावर लगेच, डिस्कसमधून एक्सपोर्ट काढून ठेवा, बदल सहा महिन्यांनी करायचा असला तरी. फाइल उघडून पाहा की देवनागरी नीट आली आहे आणि कॉमेंटची संख्या डिस्कसच्या पॅनेलमधल्या आकड्याशी साधारण जुळते. मग इस्सो तुमच्या संगणकावरच उभा करून ती आत घ्या. लेखांच्या तक्त्यात पत्त्यांचा रकाना असतो, तिथे पत्त्यांच्या जागी तुमच्या कायमच्या खुणा भरा. लेख शंभरेक असतील तर हाताने, जास्त असतील तर छोटी स्क्रिप्ट लिहून. तपासायला तीन लेख घ्या: एक जुना, एक सगळ्यात जास्त कॉमेंटचा, आणि एक ज्याच्या पत्त्यात 'ऱ्या' किंवा 'ऱ्हा' आहे. तिन्हींखाली कॉमेंट दिसल्या की मगच थीममधून डिस्कसची स्क्रिप्ट काढा. डिस्कसवरचं खातं मात्र आणखी काही महिने राहू द्या, कारण सुटलेली एखादी चर्चा कुणीतरी वाचकच तुम्हाला दाखवून देईल.