इंग्लंडमधल्या जुन्या ओकच्या झाडांच्या ऐतिहासिक कथा खऱ्या असतात का? एकच झाड बघायचं तर कुठलं?

मी वुल्व्हरहॅम्प्टनजवळ राहतो, त्यामुळे जरा पक्षपाती उत्तर देतो: बॉस्कोबेल हाऊस या जुन्या घराजवळचा ‘रॉयल ओक’ बघा. पण तिथलं आजचं झाड मूळचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कथा मात्र अस्सल आहे. 3 सप्टेंबर 1651 ला वूस्टरच्या लढाईत संसदेच्या बाजूचा सेनापती क्रॉमवेल याने राजा दुसऱ्या चार्ल्सचा पराभव केला. चार्ल्स वेषांतर करून पळाला आणि पेंडरेल नावाच्या गरीब कॅथलिक भावांनी त्याला आसरा दिला. डोक्यावर हजार पौंडांचं इनाम! 6 तारखेला तो आणि त्याच्या बाजूचा एक अधिकारी, कर्नल कार्लिस, दिवसभर बॉस्कोबेलच्या ओकवर बसून होते. सोबत पाव, चीज आणि थोडी बिअर. झाड तीन-चार वर्षांपूर्वी छाटलेलं होतं, त्यामुळे नवी पालवी इतकी दाट की खालून काही दिसत नव्हतं. खाली रानात सैनिक शोध घेत फिरत होते, आणि राजेसाहेब वर कार्लिसच्या अंगावर डोकं टेकून झोपलेले! कार्लिसच्या हाताला मुंग्या आल्या, तेव्हा त्याने चिमटा काढून उठवलं म्हणतात. चिमट्याचं सोडा, पण बाकीचा बराचसा तपशील चार्ल्सने स्वतः 1680 मध्ये प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पेप्सला सांगून लिहवून घेतलेला आहे.

1660 मध्ये गादी परत मिळाल्यावर पेंडरेल कुटुंबाला पिढीजात पेन्शन लावून दिलं. वतनच म्हणा ना, ते वंशजांना आजही मिळतं. राजा परतल्याच्या आठवणीची 29 मे ही ‘ओक ॲपल डे’ची सुट्टी 1859 पर्यंत चालली. ‘रॉयल ओक’ नावाचे पब तर गावोगावी सापडतील.

झाडाचं काय झालं? भक्तांनीच खाल्लं. आठवण म्हणून जो तो फांदी तोडून नेई, शेवटी झाड मेलं. आज उभं आहे ते त्याचं वंशज मानतात, वय दोन-तीनशे वर्षं. त्याच्या फळापासून वाढवलेलं रोप 2001 मध्ये तेव्हाच्या प्रिन्स चार्ल्सने शेजारी लावलं.

शेरवुडच्या जंगलातल्या ‘मेजर ओक’चं नेमकं उलट आहे. झाड खरोखर प्राचीन, आठशे ते हजार वर्षांचं, घेर सुमारे 11 मीटर. पण रॉबिन हूड त्याच्या ढोलीत लपायचा हे पटत नाही. रॉबिन बाराव्या-तेराव्या शतकात होऊन गेला असं धरलं तरी तेव्हा झाड कोवळं असणार, आणि ओक पोकळ व्हायला शतकं लागतात. नावाचाही रॉबिनशी संबंध नाही. मेजर हेमन रूक यांनी 1790 मध्ये त्याचं वर्णन छापलं, त्यांच्यावरून ते पडलं. पर्यटकांच्या पायांनी माती इतकी घट्ट झाली की 1970 च्या दशकात भोवती कुंपण घालावं लागलं. फांद्याही टेकूंवर आहेत.

नॉरफोकचा ‘केट्स ओक’ फारसं कोणी बघत नाही, पण कथा मला सगळ्यात आवडते. 1549 मध्ये जमीनदारांनी गायरानं कुंपणात घेतली म्हणून शेतकरी उठले. ते रॉबर्ट केट नावाच्या जमीनदाराची कुंपणं पाडायला गेले, तर हा पठ्ठ्या स्वतःच त्यांना सामील झाला! या ओकखाली बंडखोर जमले होते, असं मानतात. पुढे त्यांनी नॉरिच घेतलं, ऑगस्टमध्ये हरले आणि डिसेंबरात केटला फाशी झाली.

बॉस्कोबेलला गेलात तर घराच्या माळ्यावर, फळीखाली, चार्ल्सने रात्र काढली ती लपायची जागा आवर्जून बघा. तो सहा फुटांहून उंच होता, त्यात कसा मावला देव जाणे. निघण्याआधी वेळा बघून घ्या, हिवाळ्यात कमी दिवस उघडं असतं.