‘माल कधी येतो?’ एवढंच विचारायला इंजिनिअर कशाला?

प्रश्न : आमची मुलगी डिप्लोमा करून मग मेकॅनिकलची बी.ई. झाली. आठ महिन्यांपूर्वी भोसरीत गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीत लागली. आम्हाला वाटलं, डिझाइनला घेतील. तिला पीपीसीत टाकलंय, म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंगला. दिवसभर एक्सेल आणि फोन. ‘माल कधी येतो, माल कधी येतो.’ महिनाअखेरीला रात्री साडेनऊशिवाय रूमवर पोचत नाही. दीर म्हणतात, हे कारकुनी काम आहे, सोडायला लावा आणि आयटीतला टेस्टिंगचा कोर्स करू द्या. ती म्हणते, मला आवडतंय, पण का ते नीट सांगता येत नाही. एमबीए करू द्यावं का? माझा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे, दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होण्याआधी हे मार्गी लागलं तर बरं.
एक आई, कराड

ताई,

दीरांचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून आधी तेच घेतो. पीपीसीचं काम कारकुनी होऊ शकतं. सकाळी शॉर्टेज लिस्ट काढायची, वेंडरला फोन लावायचे, ‘उद्या पाठवतो’ हे उत्तर शीटमध्ये भरायचं, आणि उद्या पुन्हा तेच. हे दहा-दहा वर्षं करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्याच खुर्चीतून उठून पुढे अख्खा प्लांट सांभाळणारीही पाहिली आहेत. फरक पहिल्या दोन वर्षांत पडतो. तुमच्या लेकीचे त्यातले आठ महिने झालेत.

मार्गदर्शनाच्या कामात पडण्याआधी मी स्वतः ११ वर्षं पीपीसीत होतो. कंपनीचं नाव राहू द्या. महिन्याची २७ तारीख होती. असेंब्लीत १४ गिअरबॉक्स एका ऑइल सीलपायी, म्हणजे तेल गळू न देणाऱ्या रबरी कड्यापायी, अडून उभे. सील दोनशे रुपयांच्या आतलं, गिअरबॉक्स लाखाच्या वरचा. सिस्टिममध्ये त्या सीलचा लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल हाती येईपर्यंतचा काळ, २१ दिवस. मी पीओ (खरेदीची ऑर्डर) २५ दिवस आधी काढलेली, त्यामुळे निर्धास्त. फोन केला तर सप्लायर म्हणाला, “साहेब, हे सील आता बाहेरून मागवतो आम्ही, दीड वर्ष झालं. आठ आठवडे धरा.” तो २१ चा आकडा माझ्या आधीच्याच्या आधी कुणीतरी टाकला होता आणि मी त्याच्यावर श्लोकासारखा विश्वास ठेवला होता. एका पोराला गाडीवर नाना पेठेत पिटाळलं. मापाचं सील मिळालं, पण नायट्राइल रबराचं. ड्रॉइंगवर व्हायटॉन, म्हणजे जास्त उष्णता सोसणारं रबर, लिहिलेलं. क्वालिटीवाल्याने ते लाइनवर जाऊच दिलं नाही, आणि त्याचं बरोबर होतं. त्या गिअरबॉक्सचं तेल चांगलंच तापायचं, नायट्राइल कडक पडून महिन्या-दोन महिन्यांत गळती लागली असती. त्या महिन्याचं बिलिंग बुडालं. मीटिंगमध्ये माझं काय झालं ते सोडा.

त्या दिवशी मला कळलं की सिस्टिममधला लीड टाइम म्हणजे कुणाच्या तरी जुन्या आठवणीचा आकडा. खरा लीड टाइम कुठे असतो, ते तुम्हाला नक्की माहीत आहे, ताई. तो गिरणीत असतो.

चकलीची भाजणी दळायला किती वेळ लागतो? डबा ठेवल्यापासून पीठ पडेपर्यंत पंधरा मिनिटं. पण वसुबारसेच्या आधीच्या चार दिवसांत गिरणीवाला तुम्हाला काय सांगतो? “परवा या.” दळणं पंधरा मिनिटांचं, लीड टाइम दोन दिवसांचा. मधला सगळा काळ तुमचा डबा इतरांच्या डब्यांमागे नुसता बसलेला असतो. म्हणून तर तुम्ही डाळ-तांदूळ धुऊन वाळवायचं आणि भाजायचं गणित दिवाळीपासून मागे मोजत जाता. कारखान्यात संगणक हेच करतो, त्याला एमआरपी म्हणतात (मटेरिअल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, पाकिटावरची किंमत नव्हे). अमुक तारखेला इतके गिअरबॉक्स हवेत, तर त्यातला प्रत्येक भाग कधी आणि किती मागवायचा, याची उलटी मोजणी. आयबीएममधल्या जोसेफ ऑर्लिकी यांनी ही पद्धत १९६० च्या दशकात मांडली. मोजणी संगणक बिनचूक करतो. गिरणीत रांग किती आहे, ते मात्र त्याला कुणी सांगितलं तरच कळतं.

आता तुमच्या लेकीच्या गिअरकडे या. सळईतून (बारमधून) कापलेला एक गिअर घ्या. टर्निंग वीस-पंचवीस मिनिटं, हॉबिंगवर दाते पाडायला अर्धा-पाऊण तास, मग हीट ट्रीटमेंटला भट्टीत आठ-दहा तास, शेवटी ग्राइंडिंग. प्रत्यक्ष काम जोडलं तर दीड शिफ्टच्या आसपास. तो गिअर असेंब्लीला कधी पोचतो? तीन-साडेतीन आठवड्यांनी. बाकीचे दिवस तो ट्रॉलीत असतो, हॉबिंग मशीनसमोर नंबर लावून. चलन तयार नाही म्हणून गेटजवळ. बाहेरच्या जॉबवर्कवाल्याकडे भट्टीचा पूर्ण चार्ज, म्हणजे एका वेळचा घाणा, भरेपर्यंत, कारण चाळीस गिअरसाठी तो भट्टी पेटवत नाही. आणि गंमत म्हणजे, परत आल्यावरही इन्स्पेक्शनच्या रॅकवर, इन्वर्ड व्हायची, म्हणजे स्टोअरच्या नोंदीत चढायची, वाट बघत. भोसरीची सुट्टी गुरुवारी, भट्टीवाला दुसऱ्या भागातला असला तर त्याची सुट्टी वेगळ्या वारी, की आठवड्यातले दोन दिवस तसेच गेले.

इथे नव्या प्लॅनरची हमखास चूक होते, मीही केली आहे. माल उशिरा येतोय ना, मग पुढच्या महिन्याच्या जॉब ऑर्डरी, म्हणजे गिअर बनवायला घेण्याचे हुकूम, आत्ताच मशीनकडे सोडून देऊ. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण रांगेत सहाशे गिअर आहेत आणि मशीनमधून दिवसाला २५ बाहेर पडतात, तर आज रांगेत लागलेला गिअर २४ दिवसांनी निघणार. तुम्ही घाबरून आणखी तीनशे सोडले की झाले ३६ दिवस. मशीन तेच, माणसं तीच, लीड टाइम दीडपट, आणि तो तुम्ही स्वतःच्या हाताने वाढवलेला. मग सिस्टिममध्ये नवा मोठा आकडा टाकायचा, त्यामुळे ऑर्डरी आणखी लवकर सुटणार, रांग आणखी वाढणार. सगळ्या गावाने भाजणी आठवडाभर आधी गिरणीत नेली तर रांग नाहीशी होत नाही, आठवडाभर आधी लागते. हा भागाकार पुढे एमआयटीत गेलेल्या जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केला, आणि जगभरचे कारखाने आजही तो विसरून मार खातात. शॉपमध्ये, म्हणजे मशीनं चालतात त्या विभागात, माल कमी सोडून तो लवकर बाहेर काढता येतो, हे वरिष्ठांना पटवून देणं हे कारकुनाचं काम नाही. तिथे इंजिनिअरच लागतो, कारण हॉबिंगच्या सेटिंगला, म्हणजे एक गिअर संपवून दुसऱ्यासाठी मशीन लावायला, तीन तास का लागतात आणि ते एका तासावर कसे आणायचे, हे त्याला कळतं. सेटिंग लवकर होऊ लागलं की लहान लॉट (एका वेळी करायच्या खेपा) परवडतात, लॉट लहान झाले की रांग उतरते. तुमच्या लेकीचं मेकॅनिकल इथे वापरात येतं.

तिला आवडतंय पण का ते सांगता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझा अंदाज सांगतो. या खुर्चीतून सेल्स, परचेस, स्टोअर, शॉप, क्वालिटी, डिस्पॅच, सगळं एकदम दिसतं. डिझाइनला लागलेल्या तिच्या मैत्रिणीला दोन वर्षांनी एक असेंब्ली पाठ असेल. हिला अख्खी कंपनी कुठे अडते ते ठाऊक असेल.

त्यासाठी तिने खुर्चीतून उठायला मात्र हवं. माझं एकच ठोस सांगणं आहे. तिने सतत छळणारे तीस पार्ट निवडावेत आणि एका वहीत (एक्सेल चालेल, मला वही आवडते) प्रत्येक ऑर्डरसमोर चार तारखा लिहाव्यात. पीओ कधी निघाली, वेंडरने कधीची कबुली दिली, माल गेटवर कधी आला, आणि लाइनला वापरता येईल असा कधी झाला. तीन महिन्यांत तिला दिसेल की एक वेंडर नेहमी तीस दिवस लावतो आणि दुसरा कधी बारा, कधी चाळीस. सरासरी दुसऱ्याची कमी भरेल, पण झोप तोच उडवतो. जादा साठा ठेवायचा तर दुसऱ्याच्या मालाचा. पहिल्याला नुसतं वेळेत सांगितलं की पुरतं. तिसऱ्या आणि चौथ्या तारखेत आठवडा जात असेल तर वेंडरला फोन करून उपयोग नाही, दोष घरातच आहे. आणि महिन्यातून एकदा परवानगी घेऊन भट्टीवाल्याकडे किंवा फाउंड्रीत प्रत्यक्ष जावं. फोनवर ‘उद्या’ म्हणणाऱ्या माणसाच्या शेडमध्ये उभं राहिलं की त्याचा उद्या कुठल्या वारी उगवतो ते कळतं.

आयटीचं म्हणाल, तर टेस्टिंगचा कोर्स करून ती शून्यापासून सुरुवात करेल. त्याऐवजी कंपनीत सॅप किंवा दुसरी जी कुठली ईआरपी, म्हणजे कंपनीचा सगळा व्यवहार सांभाळणारी संगणक प्रणाली, असेल, ती खोलात शिकावी. प्लॅनिंग आणि मटेरिअलची मोड्यूलं राबवणारे कन्सल्टंट बरेचदा शॉपचा अनुभव घेऊन आलेलेच असतात, कारण बीओएम, म्हणजे एका मालात कुठले भाग किती लागतात त्याची यादी, चुकलं की खाली काय गोंधळ होतो ते त्यांनी भोगलेलं असतं. दीरांना हव्या त्या गावाला हाही रस्ता जातोच, फक्त वळसा घेऊन.

एमबीए आत्ता नको. दोन-अडीच वर्षांनी करायचंच असेल तर कॅट ही प्रवेशपरीक्षा द्यावी. मुंबईत पवईला जी नीटी होती, ती २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली आहे. ऑपरेशन्स आणि इंडस्ट्रिअल इंजिनिअरिंगसाठी ती आधीपासून नावाजलेली. नोकरी न सोडता शिकायचं तर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरिअल्स मॅनेजमेंटचे अभ्यासक्रम आहेत, पुण्यात त्यांची शाखा आहे. प्लॅनिंग आणि साठ्याच्या कामासाठी सीपीआयएम नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही आहे, पण ते डॉलरमधलं प्रकरण. कंपनी पैसे भरत असेल तर जरूर, स्वतःच्या खिशातून घाई नको.

पगाराबद्दल गोड बोलत नाही. सुरुवात आयटीपेक्षा कमी असते आणि पहिली तीन वर्षं ते टोचतं. मात्र २०२१ मध्ये सेमीकंडक्टर चिपांच्या टंचाईने जगभरच्या वाहन कंपन्यांना उत्पादन कमी करावं लागलं, बाकी सगळ्या पार्टांनी पूर्ण गाड्या चिपांसाठी मैदानात उभ्या राहिल्या, तेव्हापासून ‘माल कधी येतो’ हा प्रश्न वरच्या केबिनमध्येही विचारला जातो. तो विचारणाऱ्याची किंमतही थोडी वाढली.

साडेनऊचं मात्र मनावर घ्या. महिनाअखेरीला उशीर होणं या खात्यात चालतं. महिन्याचे वीस दिवस उशीर होत असेल तर ते खातं माणसांच्या जिवावर चाललंय आणि तिने दुसरीकडे अर्ज करायला हरकत नाही. चाकण, रांजणगाव, तळेगाव, सगळीकडे प्लॅनर लागतात. रात्री कंपनीची गाडी मिळते का, हे आजच विचारा. मिळत नसेल तर तिने एचआरकडे लेखी मागावी.

आणि या रविवारी फोनवर ‘जेवलीस का’ विचारून झालं की एक विचारा : तुमच्या सिस्टिममध्ये सगळ्यात जुना लीड टाइम कुठल्या पार्टचा आहे, आणि तो कुणी टाकला? उत्तर आलं तर मलाही कळवा.