डोक्याला मार लागून महिना झाला, तरी डोकं दुखतं, गरगरतं. व्यायाम करावा की पडून राहावं?

पडून राहू नका. अंधाऱ्या खोलीतली सक्तीची विश्रांती हा जुना सल्ला झाला. आता पहिले 24 ते 48 तासच आराम सांगतात, तोही अगदी अंथरुणाला खिळून नव्हे.

बफेलो विद्यापीठाच्या जॉन लेडी यांच्या गटाने ट्रेडमिलवरची एक चाचणी रूढ केली. वेग तोच ठेवून चढ वाढवत नेतात आणि हृदयाचे मिनिटाला किती ठोके झाले की त्रास वाढतो ते टिपतात. समजा 140 ला वाढला, तर त्याच्या 80-90 टक्के, म्हणजे साधारण 112 ते 126 ठोक्यांत रोज वीसेक मिनिटं भरभर चालणं किंवा जागेवरची सायकल. 2019 च्या त्यांच्या अभ्यासात, नुकताच मार लागलेली किशोरवयीन मुलं अशा व्यायामाने साधारण 13 दिवसांत बरी झाली, नुसतं स्ट्रेचिंग करणारी 17 दिवसांत. फरक चमत्काराचा नाही, पण गोळीविना मिळतो!

त्रासाला दहापैकी गुण द्या; व्यायाम करताना ते दोनहून जास्त वाढले, तर त्या दिवसापुरतं थांबा. मानेचं दुखणं असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. पुष्कळदा डोकेदुखीचं मूळ तिथेच असतं. डोक्याला पुन्हा मार बसेल असे खेळ मात्र डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नकोत. उलट्या, वाढती गुंगी किंवा हातापायांत अशक्तपणा जाणवला तर थेट हॉस्पिटल गाठा.