वाचकांचे प्रश्न : मायक्रोकंट्रोलरची सुरुवात

प्रश्न : मी जालना जिल्ह्यात डिप्लोमा शिकते. आमच्या मोसंबीच्या बागेत मातीचा ओलावा पाहून ठिबकची मोटार आपोआप सुरू व्हावी, असे मनात आहे. परंतु प्रोग्रामिंग येत नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : आर्डुइनो ऊनो हा मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे प्रोग्रामनुसार उपकरणे चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपचा, बोर्ड घ्यावा. २००५ साली इटलीत हा प्रकल्प मुळात विद्यार्थ्यांसाठीच सुरू झाला आणि त्याचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्यातील ‘ब्लिंक’ हे तयार उदाहरण बोर्डावर चढवले की तेरा क्रमांकाच्या पिनेला जोडलेला छोटा एलईडी एक सेकंद लागतो, एक सेकंद विझतो. त्या प्रोग्राममधील ‘डिले’ (थांबा) या आज्ञेपुढील १००० हा आकडा मिलिसेकंदांचा असतो, तो २०० करून पाहावा, कारण आकडा बदलल्याने काय घडते हे डोळ्यांनी पाहणे हीच प्रोग्रामिंगची खरी ओळख आहे. संगणकाला बोर्ड दिसलाच नाही, तर आधी केबल बदलावी. केवळ चार्जिंगच्या केबलमधून माहिती जात नाही.

त्यानंतर कपॅसिटिव्ह प्रकारचा ओलावा-सेन्सर ‘ए-शून्य’ (A0) पिनेला जोडावा. ० ते १०२३ यांमधील आकडा मिळेल. आपल्याच शेतातील माती एकदा पूर्ण वाळलेली व एकदा भिजलेली घेऊन दोन्ही आकडे वहीत नोंदवावेत, कारण चोपणाची काळी जमीन आणि मुरमाड जमीन यांचे आकडे सारखे येत नाहीत.

मोटार मात्र पिनेला थेट कधीही जोडू नये. पिनेतून सुमारे २० मिलिअँपिअरच प्रवाह घ्यावा, म्हणून मध्ये रिले मॉड्यूल, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, हवे; थ्री-फेज मोटार असल्यास रिलेने स्टार्टरचा काँटॅक्टर (मोटारीचा वीजपुरवठा जोडणारा मोठा स्विच) चालवावा आणि ती जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी.